‘ब्राइड ऑफ री-ॲनिमेटर’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सिनेमा मी कुणाला सुचवला की दोन दिवसांनी ठरलेले प्रश्न येतात. ‘आधीचा बघायला हवा का?’, ‘तो डोक्याचा माणूस मेला होता ना?’, आणि ‘तुला हे का आवडतं?’ तिसऱ्याचं उत्तर देणं अवघड आहे. बाकीच्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. शेवट सांगितल्याशिवाय या सिनेमावर बोलताच येत नाही, त्यामुळे ज्यांना गोष्ट कळू द्यायची नाही त्यांनी आधी बघून यावं.

हा सिनेमा नेमका कोणता?

१९९० सालचा अमेरिकन भयपट. दिग्दर्शक ब्रायन युझना. १९८५ साली स्टुअर्ट गॉर्डनने ‘री-ॲनिमेटर’ काढला होता, त्याचा हा दुसरा भाग. पहिल्याचा निर्माता युझनाच होता. दुसऱ्याच्या वेळी तो स्वतः दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसला. हर्बर्ट वेस्ट या माथेफिरू डॉक्टरच्या भूमिकेत पुन्हा जेफ्री कोम्ब्स, त्याचा साथीदार डॅन केन म्हणजे ब्रूस ॲबट, आणि मुंडकं धडावेगळं होऊनही बडबड करणारा डॉ. कार्ल हिल म्हणजे डेव्हिड गेल. तिघंही पहिल्या भागातून आलेले.

पहिला भाग बघायलाच हवा का?

हो. दुसरा भाग तुमच्यासाठी थांबत नाही. पहिल्याची गोष्ट थोडक्यात अशी: मॅसॅच्युसेट्समधल्या आर्कम नावाच्या काल्पनिक गावात मिस्कॅटॉनिक नावाचं काल्पनिक वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे हर्बर्ट वेस्ट शिकायला येतो. त्याच्याकडे चमकणारं हिरवं रसायन आहे, मेलेल्याला टोचलं की मेलेला उठतो. उठतो, पण शहाणा होऊन उठत नाही. डॅन हा वेस्टचा घरसोबती, मेगन म्हणजे मेग ही डॅनची प्रेयसी आणि महाविद्यालयाच्या डीनची, म्हणजे प्रमुखाची, मुलगी. शवागारात जे रणकंदन होतं त्यात मेगचा जीव जातो, आणि डॅन तिला ते रसायन टोचतो. पडदा काळा होतो, एक किंकाळी ऐकू येते, सिनेमा संपतो.

साधारण दीड तासाचं काम आहे. पोटात काही नसताना बघा.

मग दुसऱ्यात ती किंकाळी कुठे गेली? मेग जिवंत झाली होती ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि खरं उत्तर म्हणजे दुसऱ्या भागाने त्या किंकाळीकडे सरळ काणाडोळा केलाय. इथे मेग मेलीच आहे. तिचं फक्त हृदय उरलंय, तेही रुग्णालयात जपून ठेवलेलं. तेच हृदय पुढे सगळ्या गोष्टीचा खुंटा होतं.

अशा खटकणाऱ्या जागा आणखी आहेत. पहिल्याच्या शेवटी डॉ. हिलच्या धडाबाहेर आलेल्या आतड्यांनी वेस्टला विळखा घातलेला आपण पाहतो. तो त्यातून सुटला कसा, हे कुणी सांगत नाही. हिलचं डोकं तर चक्क चिरडलेलं होतं. दुसऱ्या भागात ते शाबूत आहे, जरा सुकलंय इतकंच. आपल्याकडच्या मालिकांत मेलेला माणूस ‘प्लास्टिक सर्जरी’ करून परततो, त्यापेक्षा इथला निर्लज्जपणा जास्त प्रामाणिक वाटतो मला. निदान कारण देण्याचं सोंग तरी करत नाहीत.

गोष्ट काय आहे?

शवागारातल्या हत्याकांडाला आठ महिने झालेत. वेस्ट आणि डॅन पेरूमध्ये, यादवी युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत, लष्करी तंबूत डॉक्टरकी करतायत. युद्ध म्हणजे ताज्या प्रेतांचा अखंड पुरवठा. वेस्टला आणखी काय हवं? तिथे इग्वाना या सरड्याच्या जातीच्या प्राण्यापासून मिळवलेला द्रव तो आपल्या रसायनात मिसळतो आणि नवीन शोध लावतो: जीव फक्त मेंदूत नसतो, शरीराच्या प्रत्येक तुकड्यात असतो. म्हणजे अख्खा माणूस उठवायचं कारण नाही. सुटे भाग घ्या, हवे तसे जोडा.

दोघं आर्कमला परततात, त्याच रुग्णालयात नोकरीला लागतात, आणि स्मशानाला लागून असलेल्या एका घरात राहू लागतात. पूर्वी त्या घरात प्रेतं पुरण्याआधी तयार करायचा धंदा चालायचा. तळघरात वेस्टची प्रयोगशाळा. रुग्णालयातून रोज काही ना काही पिशवीतून घरी येतं.

डॅनला आता हे सगळं नकोसं झालंय, तो निघून जाण्याच्या बेतात आहे. तेव्हा वेस्ट त्याच्यासमोर मेगचं हृदय धरतो आणि म्हणतो, हिच्याभोवती आपण नवी बाई बांधू. डॅन थांबतो. सिनेमाची खरी सुरुवात इथे होते.

मग मध्ये येतात लेफ्टनंट चॅपम नावाचा पोलीस अधिकारी, ज्याची बायको त्या हत्याकांडानंतर भ्रमिष्ट अवस्थेत उरलेल्यांपैकी एक आहे; डॉ. ग्रेव्ह्ज नावाचा शवविच्छेदन करणारा डॉक्टर, ज्याला उरलंसुरलं रसायन सापडतं आणि मोह आवरत नाही; फ्रान्चेस्का नावाची इटालियन पत्रकार, जी पेरूमध्ये डॅनला भेटलेली असते; आणि अर्थातच हिलचं डोकं.

ही ‘ब्राइड’ नक्की कुणाची?

नावापुरती डॅनची. हृदय मेगचं, डोकं ग्लोरिया नावाच्या एका मरणासन्न रुग्णाचं, जिच्या उशाशी डॅन बसलेला असतो. पाय एका नर्तकीचे. बाकीचे अवयव आणखी कुणाकुणाचे. वेस्ट एकेका अवयवाचा पूर्वेतिहास सांगतो, तेव्हा तो चोरबाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानदारासारखा वाटतो: हा कार्ब्युरेटर अमक्या गाडीचा, चाक तमक्याचं.

पण जरा निरखून बघा. वेस्टला बाई नकोय. त्याला ना मेगबद्दल माया होती, ना ग्लोरियाबद्दल. हे सगळं तो करतो ते डॅन निघून जाऊ नये म्हणून. एवढ्या बुद्धीचा माणूस, त्याला मृत्यू जिंकता येतो, पण ‘थांब ना, मला तुझ्याशिवाय जमत नाही’ एवढं एक वाक्य तोंडातून काढता येत नाही. म्हणून तो प्रेतांचे तुकडे शिवून एक बाई उभी करतो. माझ्या दृष्टीने हा सिनेमा घरसोबती सोडून जाईल या भीतीबद्दलचा आहे, आणि कोम्ब्सचं काम बघताना हे पक्कं होत जातं. डॅनने बॅग भरायची भाषा केली की त्याचा चेहरा बघा. प्रेतासमोर तो कधी तसा होत नाही.

मग ती बाई शेवटी मेग की ग्लोरिया?

या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर तयार आहे. वेताळाच्या गोष्टींत एक आहे: देवीच्या देवळात नवरा आणि भाऊ दोघांनीही आपापलं शिर कापून वाहिलेलं, देवी प्रसन्न होते, आणि बायको घाईगडबडीत शिरं अदलाबदल करून लावते. दोघं उठतात. आता तिचा नवरा कोण? विक्रम म्हणतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं शिर तो. सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ. या हिशेबाने ती ग्लोरिया.

डॅन उलट बाजूचा आहे. त्याच्यासाठी हृदय म्हणजे मेग. आणि मौज म्हणजे वेस्टचा नवा शोध दोघांनाही खोटं पाडतो: जीव जर प्रत्येक तुकड्यात असेल, तर ती कुणीच नाही, किंवा एकाच कातड्यात सात-आठ जणी आहेत. पटकथेला हे कितपत सुचलं होतं ठाऊक नाही, पण जाग आल्यावर स्वतःच्या हातांकडे बघणारी ती बाई पाहिली की हाच प्रश्न तिलाही पडलेला दिसतो.

१९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’शी याचा संबंध काय?

नावापासून शेवटापर्यंत आहे, आणि युझनाने तो लपवलेला नाही. जेम्स व्हेलचा तो सिनेमा ७५ मिनिटांचा. त्यात एल्सा लँचेस्टर दोन भूमिका करते: सुरुवातीला लेखिका मेरी शेली, आणि शेवटी वधू. वधूच्या भूमिकेसाठी श्रेयनामावलीत नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह आहे. सिनेमा तिच्या नावाचा, पण ती पडद्यावर येते शेवटच्या काही मिनिटांत. येते, आपल्यासाठी ठरवलेल्या नवऱ्याकडे, म्हणजे फ्रँकेन्स्टाइनने घडवलेल्या राक्षसाकडे बघते, हंसासारखी फिस्कारते आणि किंचाळते. बिचारा राक्षस. संपूर्ण सिनेमाभर त्याला एक सोबतीण हवी असते.

मेरी शेलीच्या मूळ ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीत, १८१८ साली, हा प्रसंग घडतच नाही. तिथे व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन मादी अर्धवट घडवतो आणि भीतीने तिचे तुकडे करून टाकतो. म्हणजे १८१८ मध्ये वधूला जन्मच नाही, १९३५ मध्ये ती जन्मते आणि नवऱ्याला झिडकारते, आणि १९९० मध्ये? इथे तिला झिडकारलं जातं. ती डॅनकडे हात पसरून येते, आणि डॅन फ्रान्चेस्काच्या बाजूला सरकतो. ज्याच्यासाठी तिला शिवली, त्यालाच ती नको.

शेवटाबद्दल जरा सविस्तर सांगा ना.

सांगतो, कारण सगळा सिनेमा ज्याच्यासाठी माफ करावा असा तो भाग आहे.

कॅथलीन किनमाँटने ही वधू केलीय. उंच, पांढुरकी, अंगभर टाके. काही ठिकाणी कातडं कमी पडल्यासारखं आतला लाल स्नायू उघडा. उठून बसताना तिला स्वतःचं वजन पेलत नाही. प्रत्येक अवयव जणू वेगळ्या गावाहून आलाय आणि अजून ओळख झालेली नाही, अशी ती चालते. वासरू पहिल्यांदा उभं राहतं ना, तसं. आणि मग तिच्या तोंडून शब्द येतात, तेव्हा या रक्ताच्या चिखलात अचानक एक माणूस उभं राहतं. ती लाडिक होते, विनवते, भांडते. तोवर हसत असलेला प्रेक्षक गप्प होतो.

डॅनचा नकार कळल्यावर ती स्वतःच्या छातीत हात घालते आणि मेगचं हृदय उपटून काढते. हेच हवं होतं ना तुला, घे. आणि मग तिचे टाके उसवायला लागतात. समोर एवढं घडत असताना वेस्टचं निदान येतं: पेशींनी परका अवयव नाकारलाय. प्रेम, मत्सर, अपमान काही नाही, वैद्यकीय गुंतागुंत! विनोद म्हणून हे वाक्य भन्नाट आहेच, पण त्याहून जास्त त्या माणसाची सगळी कुंडली त्यात आहे.

ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे का, पण?

निदानापुरतं, हो. परक्या अवयवाला शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा शत्रू समजते, हे खरंच. माणसातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण डिसेंबर १९६७ मध्ये केप टाउनला ख्रिस्तियान बर्नार्डने केलं. रुग्ण १८ दिवस जगला, न्यूमोनियाने गेला, कारण अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिलेल्या औषधांनी त्याची प्रतिकारशक्तीच पाडली होती. दोन-अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. तो रुग्ण काही तासांतच दगावला. पुढे १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध वापरात आलं तेव्हा कुठे हे नाकारणं आटोक्यात येऊ लागलं.

म्हणजे १९९० मध्ये हा सिनेमा बघणाऱ्याला ‘अवयव नाकारणं’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रातून ओळखीचा होता. त्यावर विनोद करता येत होता तो म्हणूनच.

बाकी विज्ञान विचारू नका. काढलेलं हृदय बर्फात ठेवून चार-सहा तास टिकतं, आठ महिने नाही. आणि एका बाईच्या अंगात इतक्या जणींचे अवयव घालायचे तर ती उठून बसायच्या आधीच एकमेकांशी भांडून मोकळे होतील. आणि नाकारणं मिनिटांत झालं तरी अंग असं फाटत नाही.

हे लव्हक्राफ्टच्या कथेवर आहे म्हणतात. खरं का?

खरं, आणि इथे एक गंमत आहे जी फार कमी लोक सांगतात: मूळ कथेच्या जास्त जवळ दुसरा भाग आहे, पहिला नाही.

एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथालेखकाची ‘हर्बर्ट वेस्ट–रीॲनिमेटर’ ही कथा १९२२ साली ‘होम ब्रू’ नावाच्या मासिकात सहा भागांत आली. मोबदला भागाला पाच डॉलर. लव्हक्राफ्टला स्वतःला ती आवडत नव्हती. दर भागाच्या शेवटी झटका द्यायचा आणि पुढच्याच्या सुरुवातीला मागचं सगळं परत सांगायचं, या मासिकी सक्तीला तो वैतागला होता. वाचताना तो वैताग जाणवतो. तिसऱ्या भागातला वर्णद्वेष तर आज वाचवत नाही, तेही सांगून ठेवतो.

आता जुळवून बघा. कथेत वेस्ट पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या आघाडीवर डॉक्टर म्हणून जातो, ताज्या प्रेतांसाठी, सिनेमात पेरू. कथेत तो सरपटणाऱ्या प्राण्यांच्या गर्भातली ऊती वापरतो, सिनेमात इग्वाना. कथेत तो सुटे अवयव स्वतंत्रपणे जिवंत करू लागतो, सिनेमात तेच. कथेत क्लॅपम-ली नावाचा लष्करी डॉक्टर आहे, ज्याचं धड आणि डोकं वेगवेगळे जिवंत होतात. सिनेमातल्या पोलिसाचं नाव चॅपम. कथेत जुन्या दफनभूमीजवळचं घर, ज्याचं तळघर थडग्याच्या भिंतीला भिडलंय, सिनेमात तसंच. कथेत शेवटी दाराशी एक पेटी येते. सिनेमातही येते, आणि त्यात काय असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. शेवटी ती भिंत फुटते आणि वेस्टने आयुष्यभर बिघडवलेले सगळे प्रयोग पलीकडून हिशेब मागायला येतात.

पहिल्या भागाने कथेतून माणसं आणि रसायन उचललं. दुसऱ्याने उरलेली सगळी हाडं गोळा केली. वेस्टच्याच पद्धतीने, म्हणा.

बोटं आणि डोळ्याचा तो प्राणी खरंच आहे का, की मी स्वप्नात पाहिला?

आहे. मला हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो वसतिगृहातल्या एका मित्राने, आणि तोही फक्त हा प्रसंग. म्हणाला, एवढं बघ आणि झोपायला जा. झोप आली नाही.

वेस्ट टेबलाशी बसलाय. काम नाही म्हणून, आपण फोनवर बोलताना कागदावर रेघोट्या मारतो तसं, त्याने चार-पाच कापलेली बोटं एकत्र जोडलीत आणि मध्ये एक डोळा बसवलाय. रसायनाचे थेंब पडतात. बोटं वळवळतात, टेबलावर तोल सावरतात, डोळा फिरतो आणि ते बेणं खेकड्यासारखं पळायला लागतं. तेवढ्यात चॅपम चौकशीला येतो. मग पोलिसाशी शांतपणे बोलत असल्याचं सोंग करायचं आणि खोलीत हुंदडणारं आपलं पाप त्याच्या नजरेस पडू द्यायचं नाही, अशी वेस्टची कसरत. घरी पाहुणे आलेत आणि ओट्यावरून उंदीर पळालाय, त्या वेळची आपल्या आईची अवस्था आठवा.

यातल्या काही हालचाली स्टॉप मोशनने केल्यात. छोटी बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, परत केसभर हलवायची. एका सेकंदासाठी २४ चित्रं. काही ठिकाणी हाताने चालवायचं बाहुलं. बारकाईने बघितलं तर कुठे काय आहे ते कळतं, आणि कळलं तरी मजा कमी होत नाही.

इफेक्ट्स कुणी केले?

एकट्याने कुणीच नाही, हेच वैशिष्ट्य. केएनबी ही तेव्हा नवीनच सुरू झालेली त्रिकुटाची कंपनी: रॉबर्ट कर्टझमन, ग्रेग निकोटेरो, हॉवर्ड बर्गर. वधूचं अंग त्यांचं. पुढे याच बर्गरला ‘नार्निया’साठी रंगभूषेचं ऑस्कर मिळालं आणि निकोटेरो ‘द वॉकिंग डेड’ या मालिकेतल्या मढ्यांमुळे घराघरांत पोचला. शिवाय स्क्रीमिंग मॅड जॉर्ज नावाने काम करणारा जपानी कलाकार, जॉन ब्यूचलर, अँथनी डब्लिन, आणि स्टॉप मोशनमधला मुरलेला डेव्हिड ॲलन.

पाच-सहा कारागीर, प्रत्येकाचा हात वेगळा. त्यामुळे पडद्यावरचं एकेक भूत वेगळ्या घराण्याचं दिसतं. एरवी मी याला दोष म्हटलं असतं. पण तुकडे जोडून केलेल्या बाईच्या सिनेमात सगळं एका हातचं असून कसं चालेल?

आणि ते हिरवं रसायन?

पहिल्या भागात चमकणाऱ्या कांड्या फोडून त्यातला द्रव वापरला होता. मोडली की उजळणाऱ्या, जत्रेत आणि गरब्याला मुलांच्या मनगटात दिसतात त्या. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि दुसरं एक रसायन वेगवेगळ्या कप्प्यांत असतं; कांडी वाकवली की आतली काचेची नळी फुटते, दोन्ही मिसळतात आणि उष्णतेशिवाय प्रकाश पडतो. अंगात टोचायचं नाही, सांगायला नकोच.

डॉ. हिलच्या डोक्याला वटवाघळाचे पंख का?

कारण धड नाही आणि फिरायचं तर आहे. यापेक्षा खोल कारण सिनेमात नाही.

मला हा भाग फसलेला वाटतो. पहिल्या सिनेमात हिल ही खरी घाण होती. स्वतःचं डोकं ताटलीत घेऊन फिरणारा, परक्या संशोधनावर आणि परक्या मुलीवर डोळा ठेवणारा प्राध्यापक. इथे तो बराच वेळ एका कोपऱ्यात धुसफुसत राहतो आणि शेवटी पंख लावून भिरभिरतो. डेव्हिड गेल मात्र नुसत्या चेहऱ्यावर जेवढं करता येतं तेवढं करतो. १९९१ मध्ये तो वारला.

मेगची भूमिका करणारी बार्बरा क्रॅम्प्टन यात का नाही?

मेगचं हृदय आहे, मेग नाही. तिची उणीव भासते. पहिल्या सिनेमात ती एकमेव माणूस होती जिला हे सगळं भयंकर वाटत होतं, त्यामुळे आपल्यालाही वाटायचं. फ्रान्चेस्काच्या वाट्याला ते काम आलंय, पण लेखकांनी तिला किंचाळण्यापलीकडे फारसं काही दिलेलं नाही.

संगीत ‘सायको’मधून ढापलंय का?

रिचर्ड बँडच्या शीर्षकसंगीतात हिचकॉकच्या ‘सायको’ला बर्नार्ड हरमनने दिलेल्या संगीतातल्या व्हायोलिनांची नक्कल उघड आहे, त्यावर त्याने ठेका चढवलाय. पहिल्यापासूनचा हा वाद. ऐकल्यावर हसू येतं, आणि या सिनेमांना तेच हवंय.

युझनाचं आणखी काय बघावं?

‘सोसायटी’, १९८९. दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिला. वूडी कीथ आणि रिक फ्राय हेच लेखक, आणि इफेक्ट्सना तोच स्क्रीमिंग मॅड जॉर्ज. श्रीमंत लोक खरोखर वेगळ्या मातीचे असतात, ही कल्पना त्यात शब्दशः घेतलीय. शेवटची वीस मिनिटं जेवणानंतर लगेच बघू नका. आणि हो, ‘हनी, आय श्रंक द किड्स’ या लहान मुलांच्या सिनेमाची कथा लिहिणाऱ्यांतही हाच युझना आहे. बाप प्रयोगशाळेत काहीतरी करतो आणि घरच्यांना निस्तरावं लागतं. विषय तसा तोच.

तिसरा भाग आहे का?

आहे. ‘बियाँड री-ॲनिमेटर’, २००३. युझनाने स्पेनमध्ये केला. वेस्ट तुरुंगात आहे आणि तिथेही स्वस्थ बसलेला नाही. कोम्ब्ससाठी एकदा बघावा. डॅनशिवायचा वेस्ट मात्र अर्धाच वाटतो.

कोणती प्रत शोधू?

दोन आवृत्त्या आहेत: अमेरिकन चित्रपटगृहांसाठी कात्री लागलेली, आणि न कापलेली. न कापलेलीच घ्या. कापलेल्या प्रतीत काही प्रसंग ऐन मोक्याला तुटतात आणि नुसता गोंधळ उरतो.

लहान मुलांबरोबर बघता येईल का?

नाही.

बायको किंवा नवऱ्याबरोबर?

तुमचं तुम्ही ठरवा. लग्नाला किती वर्षं झाली त्यावर आहे.

मग सिनेमा चांगला आहे का, एकदाच सांगून टाका.

पहिल्याइतका नेमका नाही. गॉर्डन नाटकातून आलेला, त्याचा सिनेमा एका दमात चढत जातो. हा मध्येच रेंगाळतो, पात्रं जास्त झालीत, पोलिसाचं उपकथानक आणि हिलचं उपकथानक एकमेकांच्या पायात येतात. पेरूची सुरुवात इतकी दमदार आहे की तिथेच अख्खा सिनेमा व्हायला हवा होता असं वाटतं. पण पहिला मी तीनदा पाहिलाय आणि हा सहा वेळा. का, याचा विचार करतो तेव्हा दर वेळी तळघरातला तो दिवा आठवतो: एक माणूस रात्रभर जागून दुसऱ्यासाठी काहीतरी शिवतोय, आणि त्याला पुरतं ठाऊक आहे की ज्याच्यासाठी शिवतोय तो सकाळी जाणार आहे.

कुत्र्याला काही होतं का?

मला हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. होतं. फ्रान्चेस्काचा कुत्रा मरतो, मग परत येतो, आणि येताना त्याच्या एका पायाच्या जागी माणसाचा हात असतो. पहिल्या भागात डॅनचं मांजर दोनदा मेलं होतं. वेस्टला घर भाड्याने देऊ नये ते यासाठी.